पिठाच्या डब्यामागचं ताट

"हे ताट कोणाचं, कौतिकबाई?"

ताट दोन्ही हातांत धरून मी दवाखान्याच्या स्वयंपाकघराच्या दारात उभा होतो. ताटात कळण्याच्या, म्हणजे ज्वारी-उडदाच्या पिठाच्या, चार भाकरी, लिंबाएवढा लोण्याचा गोळा आणि गुळाचा खडा. पिठाच्या मोठ्या डब्यामागे, भिंतीच्या कोपऱ्यात, वर दुसरं ताट पालथं घालून कोणीतरी ते ठेवलं होतं. सकाळचे साडेदहा वाजले होते. बाहेर पडवीत नंबर लावून बसलेली माणसं माना लांब करून आत बघत होती. मी मुद्दामच दारात उभा होतो, त्यांना दिसावं म्हणून.

कौतिकबाई चुलीपाशी पेज ढवळत होत्या. त्यांनी पळी खाली ठेवली आणि एकदा माझ्या खांद्यावरून मागे पाहिलं. माझ्या मागे, तपासणीच्या खोलीच्या दारात, वामनशास्त्री येऊन उभे राहिले होते. कौतिकबाईंनी नजर खाली घेतली.

"माह्यं हाये," त्या म्हणाल्या.

"चार भाकरी? एकट्या तुम्हाला?"

"मले भूक लागते."

पडवीत कोणीतरी हसलं.

ही एकोणीसशे पंच्याऐंशीच्या जानेवारीतली गोष्ट. मी पंचवीस वर्षांचा होतो. वैद्यकीची पदवी घेऊन साताऱ्याकडून थेट खानदेशातल्या यावलला आलो होतो, ते वैद्य वामनशास्त्री पुराणिकांच्या हाताखाली शिकायला. सगळे त्यांना शास्त्रीबुवा म्हणत. केळीच्या बागांमधून जाणाऱ्या रस्त्याच्या कडेला त्यांचा आठ खाटांचा दवाखाना होता. पत्नी वारलेली, मुलगा परदेशी, बुवा दवाखान्याच्याच मागच्या खोलीत राहत. पोटाची दुखणी घेऊन लोक थेट बऱ्हाणपुरापासून येत.

बुवांचं सगळं शास्त्र एका अग्नीभोवती फिरायचं. पोटातला अग्नी. "पातेलं उतू गेलं म्हणून पातेल्याला कोणी मारतं का? जाळ बघा," असं ते म्हणायचे. कोणीही रोगी आला की त्यांचा पहिला प्रश्न ठरलेला असे, 'भूक कशी लागते?' ज्याचा अग्नी विझत आलाय त्याला ते आधी लंघन द्यायचे, मग तांदळाची निवळ, मग पातळ पेज, मग घट्ट पेज, मग मुगाचं कढण. विझत्या चुलीत एकदम ओंडका घातला तर धूरच होतो, काडी काडी घालावी लागते, हे ते रोग्याला आणि रोग्यापेक्षा त्याच्या बायकोला समजावून सांगत.

आणि ही काडी काडी घालण्याचं काम कौतिकबाईंचं होतं. पन्नाशीच्या, विधवा, नदीपलीकडच्या वस्तीतून रोज चालत येणाऱ्या. अक्षरओळख नव्हती. पण सकाळच्या फेरीत बुवा माझ्याआधी त्यांना विचारायचे.

"कौतिकबाई, दोन नंबरचं काय?"

"अजून जेवणाची वाट पाहत नाई तो. वाटी समोर ठेवली तरी खिडकीकडेच पाहतो."

"मग आजही पेजच."

मला ते आवडत नसे. साडेपाच वर्षं मी पाठांतर केलं होतं. सम, विषम, तीक्ष्ण, मंद, अग्नीचे चारही प्रकार लक्षणांसह माझ्या जिभेवर होते. आणि निर्णय घ्यायची ती स्वयंपाकीण.

दिवाळीनंतर कोठारातून वस्तू कमी व्हायला लागल्या. आधी खजूर. मग तूप. मग दुखण्यातून उठत्या रोग्यांसाठी केलेले मुगाचे लाडू, डझनाने. कोठाराची किल्ली माझ्याकडे असे, दुसरी बुवांकडे, आणि स्वयंपाकाच्या वेळी माझी किल्ली कौतिकबाई मागून घेत. मी मनाशी हिशेब मांडला. बुवा दिवसातून एकदाच जेवायचे, तेही मूठभर. सगळ्या गावाला ते माहीत होतं. उरलं कोण?

त्यातच बुवांच्या पंचाहत्तरीचा सत्कार ठरला होता. जानेवारीचा शेवटचा रविवार. मानपत्र लिहायचं काम माझ्याकडे आलं. त्याच समारंभात बुवा एक घोषणा करणार होते, तीही मला कळली होती. दवाखाना यापुढे मी चालवायचा. तेव्हा माझ्या होऊ घातलेल्या दवाखान्यातली चोरी मला मोडून काढायचीच होती.

तर त्या सकाळी ताट हातात घेऊन मी म्हणालो, "रोग्याच्या तोंडचं चोरता, लाज नाही वाटत?"

कौतिकबाईंनी पळी उचलून पुन्हा पेज ढवळली.

"खजूर, तूप, लाडू, तेही तुम्हीच ना?"

त्यांनी पुन्हा मागे पाहिलं. मीही वळून पाहिलं. बुवा दाराची चौकट धरून उभे होते. ऐन थंडीत त्यांच्या कपाळावर घाम होता. अलीकडे ते फार वाळले होते, बंडी खुंटीला अडकवल्यासारखी खांद्यांवर लोंबायची. तपश्चर्येचं शरीर, असं मी मानपत्रात लिहिलं होतं.

"उल्हास, जाऊ दे," ते हळू आवाजात म्हणाले आणि आत वळले.

केवढं मोठं मन, असं मला वाटलं. एवढ्या मोठ्या मनाच्या माणसाला ही बाई लुबाडते, म्हणून राग आणखीच चढला.

"उद्यापासून येऊ नका," मी म्हणालो.

कौतिकबाईंनी हात धुतले. पेजेचं पातेलं उतरवून ठेवलं. पदर खोचलेला होता तो सोडला. "संध्याकाळचे तांदूळ भिजू घातले हाये," त्या मला म्हणाल्या, "तीन नंबरच्या बाबाले मीठ नका टाकू. आणि सात नंबरची पोर आज मागून खाईन. मागितलं तर द्या." मग पडवीतल्या माणसांमधून, कोणाकडे न बघता, त्या निघून गेल्या. माणसांनी पाय आखडून वाट दिली, जरा जास्तच आखडून.

दुसऱ्या दिवशी दुसरी बाई कामाला आली. पण सहाव्या दिवशी दुपारी मी अवेळी कोठारात गेलो, तर दार आतून नुसतं लोटलेलं होतं.

शास्त्रीबुवा जमिनीवर बसले होते. समोर कढणासाठी भिजवलेल्या मुगाचं पातेलं होतं. ते कच्चे मूग मुठीने तोंडात कोंबत होते. दाढीला सालं चिकटली होती, हात थरथरत होते. मला पाहिलं तरी त्यांचा हात थांबला नाही. तोंडातला घास गिळून झाल्यावर ते म्हणाले,

"दार लाव."

मी दार लावलं.

"बस. उभा राहून बघू नकोस."

मी बसलो. पातेलं आमच्या दोघांच्या मध्ये होतं.

"सहा महिने झाले," ते म्हणाले. "जेवून उठलो की तासाभरात पोटात वणवा पेटतो. किती घातलं तरी राख. अंग जळतं, झोप नाही, काळीज धडधडतं. आणि खातोय तरी वाळतोय. काय म्हणतात याला?"

परीक्षेत विचारल्यासारखं त्यांनी विचारलं, आणि परीक्षेत द्यावं तसं मी उत्तर दिलं.

"भस्मक. अग्नी अतितीक्ष्ण झाला, आणि त्याला पुरेसं अन्न मिळालं नाही, की तो शरीरातले धातूच जाळतो."

"शाबास," बुवा म्हणाले. "रोज समोर बसतोस. दिसलं नाही?"

मला खरोखरच दिसलं नव्हतं. घाम दिसला होता, थरथर दिसली होती, वाळलेलं अंग दिसलं होतं, आणि त्या सगळ्याचं मी तप केलं होतं.

"त्या दिवशीचं ताट माझं होतं," ते म्हणाले.

त्यांनी दाढीला चिकटलेली सालं पुसली.

"एकदा रोग्याच्या ताटात उरलेली भाकर मी उचलून खाल्ली. कौतिकबाईंनी पाहिलं. एक शब्द बोलल्या नाहीत. दुसऱ्या दिवसापासून डब्यामागे ताट यायला लागलं. स्वतःच्या घरच्या पिठाच्या भाकरी. मी कधी मागितलं नाही, त्यांनी कधी सांगितलं नाही. कोठारातलं तूप, खजूर, लाडू, ते सगळं मी."

"मग त्या वेळी तुम्ही..."

"तू सगळ्यांसमोर विचारलंस. आयुष्यभर त्या लोकांना मी सांगितलं, दोन घास कमी खा. आणि मी तोंड उघडायच्या आत त्या 'माह्यं हाये' म्हणून मोकळ्या झाल्या." ते थांबले. त्यांची नजर पातेल्याकडे गेली आणि त्यांनी ती जोर लावून फिरवली. "नाही, तसं नाही. वेळ होता. मला बोलता आलं असतं."

मी त्यांना त्याच क्षणी जळगावला मोठ्या डॉक्टरकडे न्यायला हवं होतं. तसं मी म्हणालोही, पण ते म्हणाले, "रविवार होऊ दे." आणि मी थांबलो. थांबताना मला बरंच वाटलं, हे खरं आहे. मंडप ठरला होता, मानपत्र छापून आलं होतं, आणि बुवा आजारी पडले असते तर ती घोषणाही राहिली असती.

"रविवार झाला की मी स्वतः कौतिकबाईंकडे जाईन," ते म्हणाले. "तोवर कोणाला बोलू नकोस."

"नाही बोलणार," मी म्हणालो. उरलेले मूग मी निथळून ठेवले.

रविवारी शाळेच्या मैदानावर चारपाचशे माणूस जमलं होतं. मी मानपत्र वाचलं. 'पंचाहत्तराव्या वर्षीही एकभुक्त राहून ज्यांनी मिताहाराचा आदर्श घालून दिला' हे वाक्य आलं तेव्हा टाळ्या पडल्या. माझा आवाज जराही हलला नाही. तेव्हाही त्याचं मला नवल वाटलं होतं. बुवांनी घोषणा केली, पुन्हा टाळ्या पडल्या, कोणीतरी माझ्याही गळ्यात हार घातला. मग पंगत बसली. वरण-बट्टी, वांग्याची भाजी, तुपाची धार. व्यासपीठावर बुवांच्या पुढ्यात मात्र मुगाच्या कढणाची एकच वाटी ठेवली होती, आणि सगळं गाव कौतुकाने बघत होतं. बुवांनी ती वाटी सावकाश, चमच्याचमच्याने संपवली. त्यांचा डावा हात गुडघ्यावर होता आणि बोटं धोतरात रुतली होती.

बायकांच्या बाजूला, अगदी मागे, कौतिकबाई बसल्या होत्या. त्या जेवायला मात्र थांबल्या नाहीत.

मंगळवारी सकाळी बुवा तपासणीच्या खोलीत कोसळले. जीपमधून जळगावला नेलं. तिथल्या डॉक्टरांनी त्यांचा गळा चाचपला, थरथरते हात पाहिले, छातीला नळी लावली आणि मला विचारलं, "यांच्यासोबत डॉक्टर कोण आहे?"

"मी."

"थायरॉईडची गाठ आहे. ग्रंथी फार काम करतेय. किती दिवस हे असं भरमसाट खाणं आणि वजन घटणं चाललंय?"

"सहा-सात महिने."

"तेव्हाच आणायचं. गोळ्यांवर भागलं असतं. आता हृदयाची चाल बिघडली आहे."

शुक्रवारी बुवा गेले. अंत्ययात्रेला केळीवाल्यांनी मालाचे ट्रक थांबवले होते.

दवाखाना माझा झाला. मी तो चांगला चालवला. कौतिकबाईंकडे उद्या जाऊ, परवा जाऊ, असं म्हणत मी गेलो नाही. आधी तेरावा होता. मग बुवांचा मुलगा परदेशातून आला होता. मग उन्हाळ्यात रोगी वाढले. मग पावसाळ्यात नदीला पूर होता. प्रत्येक कारण खरं होतं. त्यांच्याबद्दल अधूनमधून कानावर येई. स्वयंपाकाला त्यांना कोणी ठेवत नव्हतं. एका लग्नघरी आचाऱ्यांच्या हाताखाली त्या गेल्या, तर घरमालकिणीने तुपाच्या डब्याला कुलूप लावलं. मग त्या केळीच्या बागेत मजुरीला जायला लागल्या.

पुढच्या वर्षीच्या होळीच्या सुमारास, म्हणजे चौदा महिन्यांनी, मी नदी ओलांडून गेलो. त्यालाही कारण होतं. सात नंबरच्या खाटेवरची ती मुलगी, आता धडधाकट झालेली, आईबरोबर दवाखान्यात आली आणि तिने विचारलं, "पेजवाली आजी कुठे गेली?" तिच्या आईने तिला कोपराने ढोसलं आणि ओशाळून माझ्याकडे पाहिलं. ते ओशाळणं मला झोपू देईना.

कौतिकबाई अंगणात केळीच्या वाळल्या सोपटाच्या दोऱ्या वळत होत्या. हात केळीच्या चिकाने काळे पडले होते. मला पाहून उठल्या, पाणी आणून दिलं. मी बाजेवर बसलो. पाणी पिऊन भांडं खाली ठेवलं.

"कौतिकबाई, ते ताट तुमचं नव्हतं," मी म्हणालो. "मला कळलं आहे."

"हाव," त्या म्हणाल्या. "कळलं असंन."

"माझी चूक झाली. मी तुम्हाला... त्या वेळी मला माहीत नव्हतं."

त्या दोरी वळत राहिल्या. मग म्हणाल्या, "बुवा आले व्हते."

"कधी?"

"सत्काराच्या दुसऱ्या दिशी. सोमवारी. पायी आले येवढ्या लांब, घामानं भिजलेले. तुम्ही बसले ना, तिथंच बसले. हात जोडले मले. मी म्हटलं, बुवा, मले पापात नका घालू. मंग भाकरी टाकल्या. पाच खाल्ल्या त्यांनी, माह्यासमोर, उजेडात, कोणाले न लपवता. आणि रडले." त्यांनी दोरीची गाठ दाताने ओढली. "म्हणले, उद्या सकाळी उल्हास येईन तुमले घ्यायले. दवाखान्यात माणसं असतीन, त्या सगळ्यांपुढं मी सांगतो."

मी खाली बघत होतो.

"मी सकाळी उठून आंघोळ केली," कौतिकबाई म्हणाल्या. "धुतलेलं लुगडं नेसली. दुपारलोक बसली व्हती इथं. मंग कोणी सांगितलं का बुवाले जळगावले नेलं. मी म्हटलं, ठीक हाये, गडबडीत हायेत. मंग बुवा गेले. मी म्हटलं, दहा दिवस जाऊ द्या." त्या थांबल्या. "तुमले सांगितलं व्हतं ना त्यांनी? का त्यांचं सांगायचं राहून गेलं?"

इथपर्यंत सांगताना मी एक गोष्ट गाळली आहे. ती आता सांगतो. सोमवारी दिवेलागणीच्या आधी बुवा नदीकडून परत आले तेव्हा मी पडवीत होतो. ते पायरीवर बसले, बराच वेळ दम खाल्ला आणि मला म्हणाले, "उद्या सकाळी गर्दीच्या वेळी कौतिकबाईंना घेऊन ये. त्या वाट बघतील." मी हो म्हणालो. मंगळवारी सकाळी मी उठलो, बाहेर पाहिलं, पडवीत ओळखीचीच माणसं बसली होती. सत्काराचे हार अजून दाराला होते. मी म्हटलं, आज नको, उद्या जाऊ. बुवांनी दोनदा आतून विचारलं, "गेलास का?" दुसऱ्यांदा मी म्हणालो, "निघतोच आहे." त्यानंतर ते कोसळले. ते कोसळले तेव्हा, धावत जाऊन त्यांना उचलताना, घाबरलेल्या माझ्या मनात कुठेतरी सुटल्यासारखं झालं होतं. चौदा महिने मला ते क्षणभराचं सुटणंच आठवत होतं.

कौतिकबाई माझ्याकडे बघत होत्या. 'राहून गेलं' एवढे दोन शब्द बोललो असतो तर त्यांनी मानले असते. तसा रस्ता त्यांनीच मला करून दिला होता.

"सांगितलं होतं," मी म्हणालो.

त्यांनी मान हलवली. राग नव्हता, निदान मला दिसला नाही. त्या उठल्या आणि वळलेल्या दोऱ्या भिंतीशी रचून ठेवू लागल्या.

"तुम्ही परत या कामाला," मी म्हणालो. "उद्यापासून या."

"सांगितलं का लोकायले?"

"अजून नाही."

"मंग आधी ते करा, डाक्तर. तेवढं झालं का येईन मी. चोर म्हणून नाई यायची."

"सांगतो," मी म्हणालो. "या गुरुवारी."

गुरुवारी बाजार असे आणि पडवी सकाळपासून तुडुंब भरे. त्या गुरुवारी चाळीसएक माणसं असतील. मी प्रत्येकाला तपासत होतो आणि मनात वाक्य जुळवत होतो. हा गेला की सांगू, ती आत आली की सांगू. शास्त्रीबुवांची तसबीर समोरच्या भिंतीवर होती, तिला चंदनाचा हार होता. त्यांचं नाव घेऊनच लोक अजून दवाखान्यात येत होते. एक वाजला. माणसं एकेक करून पांगली. बाजार उठायला लागला.

शेवटी पडवीत तिघं उरले. बऱ्हाणपूरकडचे नवराबायको आणि एक फिरस्ता म्हातारा. तिघंही पहिल्यांदाच आलेले. मी खुर्चीवरून उठलो, दारात उभा राहिलो आणि सांगितलं. दवाखान्यात पूर्वी कौतिकबाई नावाच्या बाई स्वयंपाकाला होत्या, त्यांच्यावर मी चोरीचा आळ घेतला, तो खोटा होता, ते अन्न शास्त्रीबुवा खात होते, त्यांना आजार होता. सगळं सांगितलं, एकही शब्द गाळला नाही. नवराबायकोने एकमेकांकडे पाहिलं. म्हाताऱ्याने टोपी काढून डोकं खाजवलं.

"मग त्या बाईचं काय झालं?" त्याने विचारलं.

"त्या आता येत नाहीत," मी म्हणालो, आणि त्याला आत बोलावून जीभ दाखवायला सांगितलं.